मुलाचे मामा

शितोळेसाहेबांशी सरळ दोन वाक्यं बोलणं अशक्य होतं. माणूस तिरसट नव्हता, उलट फार मायाळू. पण तुम्ही काहीही बोललात की चष्मा कपाळावर ढकलून ते विचारायचे, “कोणाचं?” चहा आला म्हटलं की “कोणाचा?” फोन वाजतोय म्हटलं की “कोणाचा?” एकदा ऑफिसच्या जिन्यात मी जीव खाऊन ओरडले, “साहेब, शेपटी! फळीखाली शेपटी!” तर वरच्या पायरीवरून शांतपणे आवाज आला, “कोणाची?” ती सुतळी निघाली हा भाग वेगळा. साप असता तर त्याची रीतसर ओळख करून घेतल्याशिवाय हा गृहस्थ पायरी उतरला नसता.

आमचं ऑफिस बडोद्यात, खंडेराव मार्केटजवळ, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली फरसाणाचं दुकान, त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरांनाही तळणाचा वास यायचा. मालक पंकजभाई. दवाखाने, शाळा, पतपेढ्या, जो येईल त्याला आम्ही प्रोग्रॅम लिहून द्यायचो. त्यात शितोळेसाहेब सगळ्यांत जुने. ऑफिसातली गुजराती मंडळी त्यांना मोहनकाका म्हणायची, मी साहेब म्हणायची, आणि पाठीमागे सगळेच ‘कोणाचंकाका’ म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. “नाव चांगलं आहे,” ते एकदा म्हणाले, “पण ठेवलं कोणी?”

मला नोकरी मिळाली तीही त्या एका शब्दावर. मुलाखतीत त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “ह्यातून पत्ता काढायचा आहे. कसा काढाल?” कागदावर खुणाच खुणा होत्या. मला घाम फुटला होता आणि प्रश्न धड ऐकूही आला नव्हता. मी वेळ काढायला म्हणून विचारलं, “कोणाचा पत्ता?” साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला, माझ्याकडे बघितलं आणि पंकजभाईंना म्हणाले, “आमने लई लो.” हिला घ्या. पुढे काही विचारलंच नाही. कागदावर तीन पत्ते होते, माल देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि ट्रकवाल्याचा, हे मला नोकरी लागल्यावर समजलं.

तो कागद होता एक्सएमएलचा. ज्यांचा ह्या प्रकाराशी संबंध नाही त्यांनी घाबरू नये, मीही पहिल्यांदा घाबरले होते. एका प्रोग्रॅममधली माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायची तर ती अशा मजकुरात लिहितात. ‘नाव सुरू’ अशी एक खूण, मग नाव, मग ‘नाव संपलं’ अशी दुसरी खूण. ह्या जोड्या एकमेकींच्या पोटात बसतात. बिलाच्या पोटात गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या पोटात नाव आणि पत्ता. एवढंच. आता त्यातून नाव काढायचं तर आळशी माणूस काय करतो? ‘नाव सुरू’ ही अक्षरं शोधतो, पुढचं ‘नाव संपलं’ शोधतो आणि मधलं कापून घेतो. दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही येतं.

साहेब ह्याला पाकीटमारी म्हणायचे. “गर्दीत हात घातला, हाताला लागलं ते घेऊन पळाला. पाकीट कोणाचं होतं, खबर आहे? नाही! आधी सगळं शांतीने वाच. कोण कोणाच्या पोटात आहे ते बघ. मग माग.” हे ते कॉम्प्युटरपुरतं बोलत असते तर ठीक होतं. खंडेराव मार्केटात पपई घेतानाही त्यांचं तेच. बाई म्हणाली, “साहेब, मीठी छे, लई जाओ.” साहेब म्हणाले, “कई? आ के पेली?” कोणती, ही की ती? तिने ही दाखवली तर ते म्हणाले, मग त्या शेजारचीचं काय, तीही गोडच म्हणालात ना? शेवटी तिने सुरी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. पपई मात्र गोड निघाली, कारण साहेबांनी खाऊन बघितल्याशिवाय सोडली नाही.

साहेबांचं घर तरसालीला. लग्न केलेलं नव्हतं. बहीण कुसुमताई लवकर विधवा झाली, लहानग्या अमोलला घेऊन भावाकडे आली आणि राहिली. अमोल निकम आता रिफायनरीत नोकरीला होता, एकतीस वर्षांचा, दिसायला बरा, बोलायला अगदीच बेताचा. त्याचं लग्न जमत नव्हतं. महाराष्ट्रातल्या मुलींना गुजरातेत यायचं नव्हतं आणि बडोद्यातल्या मराठी मुली आपापलं बघून मोकळ्या होत होत्या. कुसुमताई रोज सकाळी देवाला आणि भावाला एकदमच सांगायच्या, “ह्याचं एवढं होऊ दे.” देवाचं मला माहीत नाही, पण साहेब ते फार मनावर घ्यायचे. ऑफिसात दुपारच्या डब्याला ते सगळं बोलायचे, फक्त अमोलचा विषय निघाला की भाजी वाढून द्यायला लागायचे.

मग एक दिवस पंकजभाईंनी आमच्या मराठी वधूवर मंडळाचं काम आणलं. मंडळाचा जुना प्रोग्रॅम बंद पडत आला होता, त्यातली सगळी स्थळं नव्या मोबाइल ॲपमध्ये न्यायची. जुन्या प्रोग्रॅममधून एक्सएमएलची भलीमोठी फाइल निघाली. साहेब तेव्हा एका दवाखान्याच्या कामात अडकले होते, म्हणून हे ऑफिसातल्या तरण्या हार्दिककडे गेलं. हार्दिक हुशार, हात चलाख, आणि घाईचा. साहेबांनी जाता जाता त्याला विचारलं, “अरे, नाव काढतोस ते कोणाचं?”

“स्थळनुं, काका. बीजा कोनुं?” दुसऱ्या कोणाचं असणार?

“पाकीट मारून?”

“काका, पहेली वीस एन्ट्री जोई लीधी. बधी बराबर छे.” पहिल्या वीस नोंदी त्याने बघून घेतल्या होत्या, सगळ्या बरोबर.

पंकजभाई आतून म्हणाले, “चाले छे ने, मोहनकाका? तो चालवा दो.” चालतंय ना, मग चालू द्या, हे आमच्या ऑफिसचं ब्रीदवाक्य होतं. पाटीवर लिहायचं तेवढं राहिलं होतं.

ॲप सुरू झालं. मंडळाच्या सुमनताईंनी पेढे पाठवले. त्याच सुमारास मंडळाच्या मेळाव्यात अमोलची आणि वाडी भागातल्या मृणाल चव्हाणची गाठ पडली. काय चमत्कार झाला कोण जाणे, हा मुखदुर्बळ मुलगा तिच्याशी तासभर बोलत बसला. घरी येऊन मामांना म्हणाला, “मला ही आवडली. तिलाही चालेल बहुतेक. आता तिच्या बाबांचा फोन येईल.” साहेबांनी हे मला जिन्यात, इकडेतिकडे बघून सांगितलं. चेहरा असा, की ह्यांचंच ठरलंय. “विद्या, एवढं जमलं ना, तर मी सुटलो,” म्हणाले.

फोन आला तो ऑफिसात. साहेबांना फोन कानाला लावायचा कंटाळा, त्यामुळे तो कायम स्पीकरवर टेबलावर. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

“मोहन शितोळे का?” पलीकडून भारदस्त आवाज.

“हो, बोला ने.”

“मी मृणालचा वडील. चव्हाण. मंडळाच्या ॲपवर स्थळ बघितलं. तुमचंच ना?”

“आमचंच!” साहेब उठून उभे राहिले.

“नाव मोहन शितोळे?”

“बरोबर.”

“आणि फोटो?”

“फोटो भाच्याचा.”

“नाव तुमचं आणि फोटो भाच्याचा?”

“हा ने. फोटो त्याचाच लावणार. माझा कशाला?”

“वय काय?”

“कोणाचं?” साहेबांनी सवयीने विचारलं.

“तुमचं हो!”

“पंचावन्न.”

“इथे एकतीस लिहिलंय!”

“ते त्याचं.”

“आणि खाली मामा म्हणून नाव आहे, मोहन शितोळे. ते कोण?”

“तोही मीच.”

“म्हणजे स्वतःचे मामा तुम्ही स्वतःच?” आवाज चढला. “मेळाव्यात पोरीला अमोल नाव सांगितलं. अमोल निकम म्हणून इथे कोणीच नाही! भाच्याचा फोटो लावून लग्नाला उभे राहता? ह्या वयात? लाज वाटत नाही?”

फोन बंद झाला. साहेब उभेच. हार्दिकचा चेहरा पांढरा पडला. मला हसू येत होतं आणि साहेबांकडे बघून त्याची लाजही वाटत होती. एरवी प्रत्येकाला अडवणारा हा माणूस टेबलावरचा बंद फोन उचलून कानाला लावून बघत होता.

ॲप उघडून बघितलं तेव्हा सगळा घोटाळा समजला. आपल्या लोकांच्या माहितीपत्रकात मुलाच्या नावाइतकंच मामांचं नाव महत्त्वाचं. मामांचं आडनाव आणि गाव लिहिल्याशिवाय कुठलं स्थळ पुरं होतं? त्या फाइलमध्ये प्रत्येक स्थळाच्या पोटात मामा होता आणि मामाच्या पोटात त्याचं स्वतःचं नाव होतं. सहसा मुलाचं नाव वर आणि मामा खाली. पण एखाद्या स्थळाची माहिती पुन्हा भरली की जुना प्रोग्रॅम मुलाचं नाव उचलून सगळ्यांत शेवटी टाकायचा. तिथे पहिलं सापडायचं ते मामाचं नाव. माहिती पुन्हा भरावी लागते कोणाला? ज्यांचं बरीच वर्षं जमत नाही त्यांना. हार्दिकने बघितलेली वीस स्थळं नवी कोरी होती. रखडलेले सगळे मात्र आपापल्या मामांच्या नावाने बाशिंग बांधून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सुमनताई स्वतः जिना चढून आल्या. बसायच्या आधीच सुरुवात. “पंकजभाई, माझ्या मंडळात एक नवरदेव ‘कै.’ आहे! कैलासवासी! वय अठ्ठावीस, अपेक्षा, मुलगी नोकरी करणारी हवी! लोक मला फोन करून हसताहेत.” त्यांना पाणी दिलं तर त्यांनी ते हार्दिककडे रोखून बघत प्यायलं.

पंकजभाई व्यवहारी माणूस. सुमनताई गेल्यावर साहेबांच्या खुर्चीशी येऊन हळूच म्हणाले, “काका, तमारो भाणियो तो हमणां सुधारी नाखो. बाकीनुं पछी जोईशुं.” भाच्याचं नाव आत्ता हाताने दुरुस्त करा, बाकीचं मागाहून बघू. खरं म्हणजे मलाही तेच वाटत होतं. पाच मिनिटांचं काम. चव्हाणांना फोन करून म्हणायचं, आता बघा. कुसुमताईंनीही घरी तेच सांगितलं असणार.

साहेब म्हणाले, “एम नाही चालायचं, असं नाही करायचं. माझा भाचा तेवढा घोड्यावर, आणि बाकीच्यांचे मामा? त्यांच्या घरी पण अशीच कोणी कुसुम बसली असेल ने?” आणि त्यांनी हार्दिकची खुर्ची स्वतःच्या खुर्चीशेजारी ओढली. ओरडले नाहीत. मला वाटतं हार्दिकला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस ते दोघं ती फाइल घेऊन बसले. आता कापाकापी बंद. आधी प्रोग्रॅमने पूर्ण मजकूर वाचायचा, खुणांच्या जोड्या नीट लागल्या आहेत ना बघायचं, आणि कोण कोणाच्या पोटात ह्याची अख्खी वंशावळ मांडायची. “आता स्थळापाशी जा,” साहेब सांगत होते, “आणि त्याच्या स्वतःच्या लेकरांतलं नाव घे. नातवंडांत शिरू नकोस. मामाचं नाव पाहिजे तर आधी मामाकडे जा, मग त्याच्या लेकरांतलं माग.”

“अने नाम होय ज नहीं तो?” हार्दिकने विचारलं. नावच नसलं तर?

“तर नाही म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं. शेजाऱ्याचं उचलून आणायचं नाही.” मग त्याच्या पाठीवर थाप मारली. “पाकिटं खूप मारलीस. आता नोकरी कर.”

स्थळं सुधारली, पण चव्हाण फोन उचलेनात. अमोलला मृणालचा एकच निरोप आला होता, बाबा ऐकत नाहीत. तो जेवायला बसायचा आणि ताट तसंच सोडून उठायचा. साहेबांनी मग ठरवलं, समोर जायचं. मला म्हणाले, “विद्या, तू चल. बरोबर बाईमाणूस असलं की दार तोंडावर आपटत नाहीत.”

वाडीत रिक्षा शिरत नव्हती, चालत निघालो. मी मनातल्या मनात बोलणी रचत होते आणि साहेब पाट्या वाचत होते. ‘& सन्स’, ‘& कंपनी’, ‘& ब्रदर्स’. ही मधली खूण एक्सएमएलमध्ये वेगळ्या अर्थाने वापरतात, तशीच लिहिली की वाचणारा प्रोग्रॅम अडतो. त्यामुळे प्रत्येक पाटीखाली साहेब पुटपुटायचे, “हा फुटणार. हा पण फुटणार.” एक सोनार दुकानातून वाकून बघायला लागला तेव्हा मी त्यांचा दंड धरून पुढे नेलं. “बडोद्यात भावाभावांचं पटत नाही,” ते म्हणाले, “पण पाटीवर ही खूण पाहिजेच.” घाबरलेले असले की ते असे बडबडायचे. चव्हाणांच्या दारावरची पाटी आली, ‘चव्हाण & सन्स, लग्नपत्रिका छापून मिळतील.’ ह्या पाटीला साहेबांनी ‘फुटणार’ म्हटलं नाही, शर्टाची कॉलर तेवढी सारखी केली.

चव्हाण काउंटरमागे. त्यांनी साहेबांना नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, “कोण आलंय? नवरदेव की मामा?”

“मामा,” साहेब म्हणाले. “नुसता मामा.”

मी सांगायला सुरुवात केली, फाइल, जुना प्रोग्रॅम, नवा प्रोग्रॅम. चव्हाणांनी हात वर केला. “बाई, कॉम्प्युटरची चूक हे हल्ली सगळेच सांगतात. चूक कॉम्प्युटरची आणि फायदा बरोबर ह्यांचा. नाव चुकलं तर भलतंसलतं येईल. ह्यांचंच कसं आलं?”

प्रश्न बिनतोड होता. साहेबांनी काउंटरवरची एक नमुन्याची पत्रिका उचलली, चव्हाणांपुढे उघडून धरली आणि म्हणाले, “चव्हाणसाहेब, ह्यावर पहिलं नाव कोणाचं?”

“गणपतीचं. श्री गजानन प्रसन्न. कोणाचं असणार?”

“दुसरं?”

“कुलदैवताचं.”

“तिसरं?”

“आजोबांचं. मग वडिलांचं, मग...” चव्हाण अडखळले.

“आता एखाद्या अडाण्याला मी सांगितलं, पत्रिकेवरचं पहिलं नाव दिसेल त्याला मुलगी दे. तर तो कोणाला देईल?”

मग चव्हाणांच्या मिशा थरथरल्या. “गणपतीला,” ते म्हणाले.

“आमच्या पोराने तेच केलं हो. नवरदेव कोणाच्या पुढे, कोणाच्या मागे, न बघता पहिलं नाव उचललं. माझ्या भाच्याच्या कागदावर गणपतीच्या जागी मी होतो. बाकीच्यांच्या कागदावर त्यांचे मामा. एक तर कैलासवासी.”

“कैलासवासी?” चव्हाण हसायला लागले ते काउंटर धरूनच. आतून मृणाल पाणी घेऊन आली, वडील हसताना बघून तांब्या तसाच हातात घेऊन उभी राहिली. हसू ओसरल्यावर चव्हाणांनी डोळे पुसले आणि विचारलं, “मुलाचे वडील?”

“नाहीत. लहानपणीच गेले. मी आहे, पण मी मामा,” साहेब म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. “मुलगा चांगला आहे हो. माझ्या हातून त्याचं वाईट होतंय असं मला... तेवढं नको होतं.” एवढंच बोलले. मी इतक्या वर्षांत त्यांचं अर्धं सोडलेलं वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. मृणालने तांब्या त्यांच्या हातात दिला.

लग्न जमलं. पुढे अमोलची बदली झाली, साहेबांनी नोकरी सोडली, आणि तिघांबरोबर तेही बडोदं सोडून गेले. हार्दिक आता स्वतःच्या हाताखालच्यांना पाकीटमारीवरून झापतो. साहेब आठवले की मला दिसतात ते अमोलच्या लग्नात, आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाला.

जांभळा फेटा बांधून साहेब प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागी बसवत फिरत होते. व्याहीभेटीची वेळ आली. साहेबांनी धुळ्याहून आलेल्या, अमोलच्या एका लांबच्या चुलत्यांना धरून पुढे आणलं. ते गृहस्थ सकाळपासून अमोलला अमित म्हणत होते. “हे वडिलांकडचे,” साहेब सगळ्यांना समजावत होते, “नियमाने व्याही हेच. माझी जागा मागे. मामाने मागे उभं राहायचं.” आणि खरोखरच मागे जाऊन खांबाशी उभे राहिले.

चव्हाण हार घेऊन निघाले. चुलत्यांनी मान पुढे केली. चव्हाण त्यांना नमस्कार करून पुढे गेले, खांबापाशी थांबले आणि हार त्यांनी साहेबांच्या गळ्यात घातला. साहेबांनी बोट वर केलं, तोंड उघडलं. “अहो चव्हाणसाहेब, चुकतंय, मी...” तेवढ्यात चव्हाणांनी त्यांना मिठीच मारली, फेटा वाकडा झाला. कुसुमताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला कधी रडू फुटलं ते समजलं नाही. अमोल पाटावरून नुसता बघत होता, आणि त्याने ‘बरोबर आहे’ अशी मान डोलावली.

भटजी वाडीतले नव्हते, त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी हातातली पळी थांबवून साहेबांकडे बघितलं आणि विचारलं, “आपण मुलाचे वडील ना?”

साहेबांनी अमोलकडे बघितलं.

“हो,” ते म्हणाले.